ठुमकीचं पीस अन् फोमची बेडकी

बोला, शेवटी अनवाणी कोण गेलं? पैज लावतो, न्हाई सांगता यायचं! पाखरू? हॅट्! म्हैस? तिला कुठली चप्पल! मग गप ऐका.

एक व्हती ठुमकी. नाचण पाखरू. अंगठ्याएवढी. शेपूट उघडलं की पंखाच. फर्र! ठुमुक ठुमुक नाचायची.

तळ्यावर गजराकाकी धुणं धूत व्हती. पाय पाण्यात, चपला काठावर. पलीकडं तिचा नवरा, झिपरूतात्या. त्याला मरळ धरायची व्हती. मरळ म्हंजे ही मोठ्ठी मासळी! बेडूक दिसला की गप्पकन् खाती. म्हणून तात्या खोटी बेडकी बांधत व्हता. फोम कापला. गळ खोवला. वरनं काळा दोरा. गरगर गरगर!

फोम कुठनं आणला? शूऽऽ! मागनं सांगतो.

बेडकीला मागं झुपका पायजे. ठुमकी नाचत जवळ आली. तात्यानं तिचं पीस उपटलं. चुटुक! बांधलं बी. बेडकी पाण्यात टाकली. टप्प!

ठुमकीनं शेपूट उघडलं. फर्र... मधी भोक! आता नाचायचं कसं?

"तात्या, माझं पीस दे!"

"न्हाई देत, जा!"

"न्हाई देत? बघतेच!"

ठुमुक ठुमुक गेली खेकड्याकडं.

"खेकड्या, खेकड्या, दोरा काप. तात्या पीस देईना, अन् मी काय गप बसायची न्हाई!"

"न्हाई कापत, जा!"

"न्हाई कापत? बघतेच!"

ठुमुक ठुमुक गेली बगळ्याकडं. बगळा एका पायावर, डोळे मिटून.

"बगळ्या, बगळ्या, खेकड्याला टोच. खेकडा दोरा कापेना, तात्या पीस देईना, अन् मी काय गप बसायची न्हाई!"

"न्हाई टोचत, जा!"

"न्हाई टोचत? बघतेच!"

ठुमुक ठुमुक गेली म्हशीकडं. म्हैस तिथंच चिखलात, शेपूट हलवीत. रवंथ चाललेला.

"म्हशी, म्हशी, बगळ्याला झटक. बगळा खेकड्याला टोचेना, खेकडा दोरा कापेना, तात्या पीस देईना, अन् मी काय गप बसायची न्हाई!"

"न्हाईऽऽ झटकत, जाऽऽ!"

"न्हाई झटकत? बघतेच!"

ठुमुक ठुमुक गेली गोमाशीकडं. गोमाशी तिळाएवढी, तोरा डोंगराएवढा.

"गोमाशी, गोमाशी, म्हशीला चाव. म्हैस बगळ्याला झटकेना, बगळा खेकड्याला टोचेना, खेकडा दोरा कापेना, तात्या पीस देईना, अन् मी काय गप बसायची न्हाई!"

"न्हाई चा..."

ठुमकीनं चोच उघडली. आऽऽऽ!

नाचण काय खाती, ठावं हाय का? माश्या!

"चावते, चावते, ठुमकीताई!"

गोमाशी सुटली. गुंऽऽऽ!

"नको चावू! झटकते!" म्हैस म्हणाली. फटाक!

"नको झटकू! टोचतो!" बगळा म्हणाला. टक टक!

"नको टोचू! कापतो!" खेकडा म्हणाला. कट्ट!

दोरा सुटला. सर्रर्र! पीस सुटलं. ठुमकीनं उचललं, शेपटीत खोचलं. फर्र! पंखा पुरा!

तेवढ्यात मरळ आली. मोठ्ठं तोंड उघडलं... अन् थांबली. हुंगलं.

"ह्यॅ! ही तर चप्पल!" म्हणाली, अन् गेली. बुडुक!

"कुणाची चप्पल?" गजराकाकी वळली.

गुलाबी फोम तरंगत आला. डुलत डुलत. थेट काकीच्या पायाशी.

"अगं बया! माझीच की! परवा घेतलेली! अवं, तुमच्या डोळ्याला काय झालंय?"

"मला वाटलं जुनी हाय," तात्या म्हणाला.

"काढा!"

"काय?"

"तुमच्या चपला! काढा म्हणते ना!"

तात्यानं काढल्या. काकीनं घातल्या. फटॅक फटॅक निघाली घरी.

भर दुपार. खडक तापलेला. तात्या मागं मागं. "चट! आय गं! चट! आय गं!"

पुढं ठुमकी. फर्र! ठुमुक ठुमुक!

एका पिसापायी तात्याचे दोन्ही पाय भाजले.