धुक्यातलं शिखर

घाटमाथ्यावरच्या एका गावात रायाजी नावाचा रंगारी राहत होता. डोंगराच्या धारेवरून जाणाऱ्या, आठ दिवसांच्या वाटेवरल्या देवाला त्याचा नवस होता. तो फेडायला तो बायकोला, भिवराला घेऊन निघाला. निघताना लोक म्हणाले, "वाटाड्या घे." तो हसला. "वाट मला तोंडपाठ आहे." खरं तर लहानपणी बापाचं बोट धरून तो एकदाच तिकडे गेला होता.

सहाव्या दिवशी दुपारी दोघं शिखरावर पोचली. माथ्यावर रान असं दाट, की ऊन जमिनीला शिवत नव्हतं. तिथल्या वाटेतल्या देवापुढे नारळ फोडून ती नवसाच्या देवाकडे जायला पलीकडे उतरायला लागली, तोच दरीतून धुकं वर चढलं. बघता बघता पुढचं झाड दिसेना. भिवराने नवऱ्याच्या उपरण्याचं टोक मुठीत धरलं.

"अहो, वाट हीच ना?"

"हीच," रायाजी म्हणाला.

पायाखाली वाट नव्हतीच. नुसता ओला पाचोळा होता. जवळच झुडपांतून काहीतरी जड सरकलं आणि एकदम गप्प झालं. रायाजीला थांबावंसं वाटत होतं, पण चुकलो असं बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने पाऊल उचललं ते आणखी भरभर.

तेवढ्यात त्याच्या पायाने एक धोंडा सुटला. तो पडल्याचा आवाज लगेच आला नाही. आला तो फार उशिरा, फार खालून.

रायाजी जागीच थबकला. "भिवरा," तो कसाबसा म्हणाला, "मी वाट चुकलोय. मघापासूनच. मला फार भीती वाटतेय."

भिवराने उपरणं ओढून त्याला खाली बसवलं आणि झाडाच्या मुळीला दोन्ही हातांनी मिठी मारली. दोघं तशीच बसून राहिली. उन्हं कलल्यावर धुकं विरलं. त्यांच्यापुढे दोन हातांवर जमीन संपली होती.

भिवरा म्हणाली, "भीती मलाही वाटत होती. तुम्ही भीत नाही असं वाटलं, म्हणून मी मागे चालत राहिले."

तात्पर्य: पुढे चालणाऱ्याने आपली भीती लपवली, तर मागून येणाऱ्याचाही जीव धोक्यात येतो. चुकलो हे वेळीच कबूल करायलाच खरी हिंमत लागते.