हलवायाच्या दारातल्या मधमाश्या

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा दुकानांना पाट्या नसत आणि गिऱ्हाईक वासावरून दुकान शोधत यायचं.

एका टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक हलवाई होता. हाताला गोडी होती, जिभेला त्याहून जास्त. कोणी रस्ता विचारायला जरी दुकानाशी थांबलं, तरी जाताना त्याच्या हातात पुडा असायचाच. हलवायाची जिलबी चांगली होती, बर्फी चांगली होती. पण नाव होतं ते कोहळेपाकाचं. काचेसारख्या स्वच्छ फोडी, तोंडात टाकल्या की विरघळायच्या. लग्न ठरलं, बारसं ठरलं की लोक आधी हलवायाकडे यायचे आणि मग भटजींकडे.

कोहळे यायचे ओढ्यापलीकडच्या माळणीकडून. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. एवढासा मळा आणि त्यातले कोहळ्याचे वेल, हाच तिचा संसार. हलवायाला ती दादा म्हणायची, तो तिला आक्का. भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची आणि ताटात त्याने काय घातलं ते न बघताच पदर सावरत घरी जायची. असं ते नातं होतं.

तर एका वर्षी काय झालं, हलवायाच्या दुकानात मधमाश्या येऊ लागल्या.

आधी थोड्या आल्या. मग परातींवर, कढयांच्या काठांवर, बर्फीच्या वड्यांवर नुसत्या माश्याच माश्या. दुसरा कोणी असता तर त्याने फडकं घेऊन हाकलल्या असत्या. पण आपला हलवाई हिशेबी माणूस. त्याने लगेच ओळखलं की यात धंदा आहे.

"बघा, बघा!" तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचा. "रानातली फुलं सोडून माझ्या पाकावर येतात! मधाची पारख मधमाशीपेक्षा जास्त कोणाला? हं? तुम्हीच सांगा!"

लोकांनाही ते पटलं. बातमी गावोगाव गेली. ज्या दुकानात मधमाश्या रांग लावतात ते दुकान बघायला म्हणून माणसं बैलगाड्या जुंपून येऊ लागली, आणि आली की काहीतरी घेऊन जाऊ लागली. हलवायाने परातींवरची झाकणं काढून टाकली, म्हणजे माश्या जास्त बसतील. एका भट्टीच्या जागी आणखी भट्ट्या घातल्या. जिलबीला कसा भपकन जाळ लागतो, आणि तो लागतो बारीक सरपणाचा. टेकडीवरून मोळीवाले यायचे, त्यांना त्याने सांगून ठेवलं, "जेवढं मिळेल तेवढं आणा रे बाबांनो. हिरवं असलं तरी चालेल, इथे वाळवू. घेणारा मी बसलोय."

मोळीवाल्यांना तरी आणखी काय हवं?

हलवायाची बायको मात्र त्या गर्दीने खूश नव्हती. पाकात पडलेल्या माश्या ती दर्भाच्या काडीने अलगद उचलायची, केळीच्या पानावर उन्हात ठेवायची आणि पाण्याच्या थेंबाने त्यांचे चिकटलेले पंख सोडवायची. काही उडायच्या. पुष्कळशा उडायच्या नाहीत.

"अहो," ती एकदा म्हणाली, "ह्या काही कौतुकाला येत नाहीत. कौतुकाला आलेला पाहुणा ताटात बुडून मरतो का?"

"तुला धंद्यातलं काय कळतं!"

"नाही ना कळत. पण माझ्या माहेरच्या बाजारात एक कापडवाला होता. भर उन्हात त्याच्या दुकानापुढे ही गर्दी! त्याला वाटलं, आपलं कापड लोकांना फार आवडतं. मग कापड नीट दिसावं म्हणून त्याने दुकानावरचं छप्पर काढलं. पुढच्या बाजाराला चिमणीसुद्धा फिरकली नाही."

"मग?"

"मग काय! लोक सावलीला उभे राहत होते हो."

हलवाई पोट धरून हसला. गोष्ट त्याला इतकी आवडली, की दिवसभर तो ती गिऱ्हाइकांना सांगत राहिला. आपल्यासाठी सांगितलीय, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

कोहळ्याचा हंगाम आला, पण माळीण आली नाही. हलवायाने वाट पाहिली, निरोप पाठवला, शेवटी स्वतःच ओढा ओलांडून मळ्यात गेला.

माळीण बांधावर बसली होती. शेजारी एक गाठोडं बांधून ठेवलेलं.

"आक्का, कुठे निघालीस?"

"दिराच्या गावाला, दादा. त्यांच्या गोठ्यात शेण काढायला माणूस लागतंय. जागा देतो म्हणाले गोठ्यातच."

"आणि मळा?"

माळणीने त्याचा हात धरून त्याला वेलांपाशी नेलं. वेल हिरवेगार होते, फुलं पिवळीधमक. तिने एका फुलाचा देठ वर केला. फुलामागे बोराएवढं लव असलेलं फळ होतं, पण ते पिवळं पडलेलं. तिचं बोट लागताच गळून पडलं. दुसरं, तिसरं, सगळ्यांची तीच गत.

"पाणी घातलं, खत घातलं, दृष्टसुद्धा काढली," माळीण म्हणाली. "फूल येतं, फळ धरत नाही. या वेलांवर सकाळी कशी गुणगुण असायची, दादा. औंदा मळा मुका झालाय. माश्याच नाहीत."

हलवायाच्या तोंडून पटकन निघून गेलं, "त्या माझ्याकडे आहेत!"

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. माळीण त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"गाठोडं सोड," तो म्हणाला. "मला थोडे दिवस दे."

तो घरी आला तेव्हा बायको केळीच्या पानाशी बसली होती. पानावर एक म्हातारी मधमाशी पंख वाळवत होती. हलवाई उकिडवा बसला. त्या काळी माणसांनी नीट विचारलं तर प्राणी उत्तर द्यायचे.

"माशीबाई, खरं सांगा. माझ्या पाकातलं काय एवढं आवडलं तुम्हाला?"

"आवडलं?" मधमाशी थकलेल्या आवाजात म्हणाली. "हलवाईदादा, उपाशी माणसाला चव विचारायची नसते. दुसरीकडे काही मिळेना म्हणून येतो आम्ही. पाकावर आमचा दिवस निघतो, पण पोळ्यातली पिल्लं पोसत नाहीत. त्यांना फुलातली पिवळी भुकटी लागते. तुझ्या पाकात गोडी आहे, बाळाचं दूध नाही."

"मग फुलं कुठे गेली?"

"काय काय सांगू? रान स्वच्छ दिसावं म्हणून बांध खरडतात, तिथली फुलं गेली. आंब्याच्या बागेत किडीसाठी विखारी काढा शिंपडतात, तोही ऐन मोहोरात, भर सकाळी. मध काढणारा आधी पोळ्याचा तुकडा मागे ठेवायचा, आता झाडून नेतो. आमच्यात कसलंसं दुखणंही फिरतंय. ऊनही पहिल्यासारखं वेळेवर येत-जात नाही."

"पण यातलं नेमकं कशामुळे?"

मधमाशी म्हणाली, "सकाळी गेलेली संध्याकाळी येत नाही, दादा. ती येतच नाही, तर कशाने गेली हे आम्हाला सांगणार कोण? सगळ्यांचं थोडं थोडं असेल. आधी आम्ही हे सगळं सोसायचो, कारण टेकडी होती. इकडे नाही मिळालं तर टेकडीवर मिळायचं. आता टेकडी बोडकी झालीय, आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यापर्यंत उडायचं बळही उरलं नाही."

एवढं बोलून तिने पंख झटकले आणि उडाली. दूर काही जाता आलं नाही तिला. भट्टीशेजारी सरपणाचा ढीग होता, त्यावर जाऊन बसली. तिथे मोळीत तरवडाची एक फांदी होती आणि फांदीला सुकलेल्या फुलांचा झुबका. म्हातारी माशी त्या वाळक्या फुलांत शिरली. एकातून बाहेर आली, दुसऱ्यात गेली, मग तिसऱ्यात. पुन्हा पहिल्यात.

हलवाई बघत राहिला. मग त्याने हळूहळू ती मोळी उलगडली. तरवड, निर्गुडी, करवंदी. सगळ्या टेकडीची फुलं त्याच्या भट्टीपुढे रचलेली होती.

"अगं," तो बायकोला म्हणाला, आणि करवंदीची एक फांदी उचलून त्याने तिच्यापुढे धरली.

बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "छप्पर आपणच काढलं," ती हळूच म्हणाली. "आता आपणच घालू."

त्याने भट्ट्या विझवल्या, एक तेवढी ठेवली. मोळीवाल्यांना बोलावून सांगितलं, "उभ्या झुडपाला कोयता लागला तर माझ्याकडे येऊ नका. पडलेलं, वाळलेलं आणा, त्याला जास्त भाव देईन." बाकी गोवऱ्यांवर भागवायचं ठरवलं. गोवरीचा जाळ मंद, जिलबी मऊ पडू लागली. बैलगाड्या दुसऱ्या गावच्या हलवायाकडे वळल्या. हलवायाने परातींवर जाळीची झाकणं घातली, आणि माश्यांसाठी बाहेर पाण्याच्या उथळ ताटलीत काटक्या टाकून ठेवल्या, म्हणजे पाणी पिताना तरी बुडू नयेत.

मग तो पुडे बांधून घरोघर निघाला. शेतकऱ्याला म्हणाला, बांधावरची एक पट्टी सोडा. बागवाल्याला म्हणाला, काढा शिंपडायचाच तर मोहोर ओसरल्यावर शिंपडा. मध काढणाऱ्याला म्हणाला, पोळ्यातला वाटा त्यांच्यासाठी ठेव. काहींनी ऐकलं. काहींनी पुडा ठेवून घेतला आणि पाठ वळल्यावर हसले. बागवाला तर तोंडावर म्हणाला, "हलवाईशेठ, जिलबी मऊ झाली ती झाली, डोकंही मऊ झालं का?" हलवाई म्हणाला, "खा तर खरं, मग पुन्हा बोलू," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या दारात हजर झाला.

राहिला तो मळा. तिथे वाट बघायला वेळ नव्हता. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्यात माळीण, हलवाई आणि त्याची बायको वेलांत शिरायची. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि आतली भुकटी मादी फुलाला हलकेच लावायची. जिलबीची वेटोळी घालणारे हलवायाचे जाडजूड हात त्या फुलांवर जरा जोरातच फिरायचे.

"दादा, कढई नाही ती, घासू नका," माळीण म्हणायची.

"आक्का, कंबर मोडली माझी. ह्या माश्या हे काम रोज करायच्या?"

"रोज. आणि मजुरी मागायच्या नाहीत."

त्या वर्षी कोहळे मोजकेच आले. पण आले. माळणीने गाठोडं सोडलं आणि त्यातलं लुगडं पुन्हा दोरीवर वाळत घातलं.

टेकडी काही एका वर्षात भरत नाही. पण तरवडाला तोडलेल्या बुंध्यातून धुमारे फुटतात आणि करवंदी हट्टी असते. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. उतारावर पिवळं दिसू लागलं. दुकानात माश्या कमी होत गेल्या, आणि एक दिवस असा उजाडला की परातींवर एकही माशी नव्हती.

नेमकं त्याच दिवशी परगावचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. इकडे तिकडे बघून म्हणालं, "काय हो हलवाई! माश्यांनाही तुमचा माल नकोसा झाला वाटतं?"

हलवाई क्षणभर त्या रिकाम्या परातींकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा असा उजळला, की गिऱ्हाईक गडबडून दोन पावलं मागे सरलं.

"जेवायला घरी गेल्या त्या!" हलवाई म्हणाला. त्याने बायकोला हाक मारली, दुकान तसंच उघडं टाकलं आणि दोघं ओढ्याच्या वाटेला लागली. पलीकडच्या काठावर पोचण्याआधीच त्यांना मळ्याची गुणगुण ऐकू आली. माळीण वेलांच्या मधोमध हात कमरेवर ठेवून उभी होती. तिला आज काहीच काम नव्हतं.

तात्पर्य: आपल्या दारी गर्दी झाली, तर फुगून जाण्याआधी त्या जिवांच्या तोंडचा घास कोणी काढला ते पाहावं, आणि शोध आपल्या भट्टीपासून सुरू करावा.