झाकणाच्या आतलं नाव

“हे बूच कुणी मारलं?”

“मी नाही मारलं.”

“मग काय आपसूक उगवलं? मालन, कुणी मारलं हे?”

उत्तराची वाट न बघता अक्कांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना रस्त्यावर घालवलं आणि मला दंडाला धरून यंत्रापासून मागं ओढलं. सत्तरीची बाई, पण दंडावर चार बोटं उठली.

यंत्रावरचा वाफेच्या दाबाचा काटा लाल रेघेला टेकायला आला होता.

हे इचलकरंजीतलं, मी पंचेचाळिशीची असतानाचं. चंद्राक्का चौगुले स्टोव्ह, कुकर, इस्त्र्या आणि वाफेवर चालणारं जे काही असेल ते दुरुस्त करायच्या. मी त्यांच्याकडं शिकायला गेले नव्हते. स्टोव्ह, रेडिओ, शिलाई मशीन, सगळं मी स्वतःच उघडून शिकले होते. मला फक्त बसायला जागा हवी होती, असं मी सगळ्यांना सांगत असे.

यंत्र डॉक्टर शिरगुप्प्यांचं, घरी कॉफी करायचं, परदेशातून आणलेलं. कॉफी थेंब थेंब पडते म्हणून आलं होतं. मी लिंबूसत्त्वानं टाकीतला क्षार काढला, रबर बदललं, जाळी घासली. आता धार तेलासारखी पडत होती. पाच वाजता डॉक्टर न्यायला येणार होते.

दुकानाची एक रीत होती. काम पुरं झालं की करणाऱ्यानं झाकणाच्या आतल्या अंगाला सुईनं आपलं नाव आणि तारीख कोरायची. तीन वर्षांत अक्कांनी मला एकदाही कोरू दिलं नव्हतं.

आज देणार होत्या.

म्हणून शेवटचं बघायला त्यांनी झाकण काढून बाजूला ठेवलं. आणि जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह जिथं असायला हवा, तिथं पितळी बूच दिसलं.

“डॉक्टरांची सासू रोज ह्याच्यावर कप तापत ठेवते,” अक्का म्हणाल्या. “ह्याच्यावर वाकून कप पुसत उभी असते म्हातारी. कळतंय का तुला?”

कळत होतं. पण माझं तोंड कधी गप्प बसलंय?

“बूच माझं नव्हे.”

“खोटं बोलू नकोस. व्हॉल्व्ह गळायला लागला, तुला नावाची घाई. काढलास आणि ठोकलंस बूच. लाज कशी वाटत नाही गं?”

“अक्का, झाकण उलटं करा.”

“हत्यारं उचल आणि चालू लाग.”

“आधी झाकण उलटं करा!”

त्यांनी केलं.

आत एकच नाव होतं. चंद्रा चौगुले. तारीख अकरा वर्षांपूर्वीची.

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा लावला. नावावरून बोट फिरवलं, जणू दुसऱ्या कुणाचं असेल तर लागेल हाताला...

काटा खाली यायला बराच वेळ लागला. गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड तेवढी चालू होती.

मग त्यांनी पाना लावून बूच काढलं. आट्यांवर, वाफ गळू नये म्हणून सफेदा लावलेल्या दोऱ्याचे तीन वेढे होते, तिसरा उलटा. उलटा वेढा गावात एकच बाई घालायची.

“पार्ट मद्रासहून यायचा होता,” त्या बुचाकडं बघत म्हणाल्या. “आठ दिवसांपुरतं म्हणून...”

बूच तळहातावर घेऊन त्यांनी अंगठ्यानं घासलं.

“अकरा वर्षं,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी...”

त्या खाली बसल्या. सुई घेतली. आपल्या नावापुढं एक शब्द कोरला, चूक. त्यापुढं आजची तारीख. फुंकर मारून चुरा उडवला.

मला मात्र आनंद झाला, खोटं कशाला सांगू?

“मग मला कशाला हाकलत होता?” मी म्हटलं. माफी मागा, असंही जिभेवर आलं होतं. “बूच मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं. झाकणात तुमचं नाव दिसलं. म्हटलं, अक्कांनी लावलंय, म्हणजे काहीतरी कारण असणार. झाकण लावून टाकलं. ह्यात माझं काय चुकलं?”

अक्कांनी सुई माझ्यापुढं धरली.

मी हात पुढं केला. सुईचं एक टोक माझ्या चिमटीत आलं. दुसरं त्यांनी सोडलं नाही.

“झाकण तू माझं नाव वाचायला उघडलं होतंस?”