पाचवा मणी, नववा मणी

एका राज्यात वज्रदत्त नावाचा राजा होता. मनाने मोकळा, पण जिभेला हाड नाही. एकदा भर दरबारात त्याने अघोरनाथ मांत्रिकाच्या दाढीची चेष्टा केली, आणि मांत्रिक म्हणजे जमदग्नीचा अवतार! त्याने उभ्या राजाचे पाय दगडाचे केले, सिंहासनापुढे एक मैना सोडली आणि चालता झाला.

मैना माणसासारखी बोले. तिने कोडे सांगितले. मांत्रिकाने 'काळा अधिक पांढरा' अशी एक जोडी घेतली, ती काही वेळा मांडून गुणली आणि त्या घाताचे सहगुणक मण्यांवर कोरून एका ओळीत ओवले. ओळीतला पाचवा आणि नववा मणी सारखाच. तर जोडी किती वेळा मांडली, म्हणजे घात कितवा? उत्तरे तीनच. चुकेल तसा दगड वर चढेल; तिसरे चुकले की राजा संपला.

पहिले उत्तर सेनापतीने अंदाजाने ठोकून दिले. दगड कमरेला आला. पंधरा दिवस गेले. मग राजपंडित शतानंदांनी मेरू, म्हणजे ज्याच्या ओळींत घातांचे सहगुणक सापडतात तो आकड्यांचा त्रिकोण, मांडला: शेंड्याला एक, त्याखाली दोन एक, पुढे टोकांना एक आणि मधला प्रत्येक आकडा वरच्या दोन शेजाऱ्यांची बेरीज. मेरूची ओळ जशी चढते तशीच उतरते. म्हणजे पाचव्याच्या आधी चार मणी, तर नवव्याच्या पुढेही चारच. मिशीला पीळ देत पंडित "तेरा" म्हणाले. दगड राजाच्या हनुवटीला भिडला.

तेव्हा राणी वैजयंती उठली. तिचे माहेर धान्य मोजणाऱ्या मापाड्यांचे. दरबारी बायका पाठीमागे तिला 'पायली' म्हणून हिणवत.

राजा म्हणाला, "राणीसाहेब, राहू द्या. चुकलात तर जन्मभर जिवाला लावून घ्याल."

"आणि तुम्हाला असे बघत जन्म काढू?"

मग ती मैनेला सांगू लागली. तिच्या माहेरी खळ्यावर पहिले माप देवाचे. ते बाजूला ठेवायचे, मोजणीत धरायचे नाही. धरले की रास एका मापाने चुकते. पंडितांनी मणी बरोबर मोजले, पण मेरूच्या शेंड्याची एका मण्याची ओळ गुणाकाराच्याही आधीची; ती देवाच्या मापासारखी, मोजणीत धरायची नाही. जोडी एकदा मांडली की मणी दोन, दोनदा मांडली की तीन. मणी घातापेक्षा नेहमी एकाने जास्त.

"मणी तेरा," राणी म्हणाली, "घात बारावा."

मैना भुर्रकन उडून गेली. दगड हनुवटीपासून खाली उतरत गेला आणि फरशीवर त्याचे पीठ झाले. पंडितांनी पागोटे काढून राणीपुढे मान लवविली. पुढे राजाने भर दरबारात मांत्रिकाची क्षमा मागितली आणि राज्य पूर्ववत नांदू लागले.

पण त्या घडीला, इतकी ठाम बोललेली राणी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. राजा तिच्याशेजारी जमिनीवर बसला. कित्येक दिवसांनी त्याचे गुडघे वाकले होते.