हिरवं बटण

"मग माझं बटण चुकलं कुठे, बाई?"

निरंजनने पडळकरबाईंना पुन्हा विचारलं. यंत्र माणसाच्या हाताडोळ्यांना कसं जुळवायचं, हे त्यांनीच त्याला कॉलेजात शिकवलेलं. आता त्या मिरजेत एकट्या राहत. नजर पार अधू झाली होती.

निरंजन एका डिलिव्हरी कंपनीत होता. नवी ऑर्डर आली की रायडरच्या मोबाइलवर जे हिरवं बटण उजळतं, ते त्यानेच घडवलेलं. चटकन दाबलं नाही, तर ऑर्डर दुसऱ्याकडे. त्या बटणाचं फार कौतुक झालं होतं.

मग सिद्राम नावाचा रायडर चालत्या गाडीवर ते दाबता दाबता डंपरखाली गेला.

ॲप तपासायचं काम कंपनीने निरंजनलाच दिलं. त्याने रायडर ऑफिसात बसवून चाचण्या घेतल्या. एकाचाही अंगठा चुकला नाही. निष्काळजीपणा रायडरचाच, असा अहवाल लिहूनही झाला. सिद्रामच्या घरी तेच कळवलं जाणार होतं. पण अहवालाखाली सही करायला त्याचा हात उठेना, म्हणून तो बाईंकडे आला होता.

बाईंनी काठी उचलली. रस्त्यापलीकडे सोड म्हणाल्या. जाताना ॲप चालू ठेव, ऑर्डर आली तर घे.

"घेतो की. त्यात काय?"

त्याने सरावाच्या ऑर्डरी सुरू केल्या. बाईंनी त्याचा दंड धरला, आणि दोघं रस्त्यात उतरले.

फोन वाजला. बटण उजळलं. चालता चालताच त्याने ते अचूक दाबलं, आणि पलीकडे पोचून फोन हसत बाईंपुढे धरला.

बाई तिथे नव्हत्या.

त्या भर रस्त्यात उभ्या होत्या, काठी टेकून. एक ट्रक कर्कश हॉर्न देत त्यांच्या पदराला घासून गेला.

निरंजन धावला. त्याने त्यांना ओढतच कडेला आणलं.

"हात... कधी सोडलात?"

"फोन वाजला तेव्हा."

निरंजनने हातातल्या फोनकडे पाहिलं.

"पण बाई... माझं लक्ष तुमच्याकडेच होतं."

बाईंनी पदर सावरला.

"सिद्रामचंही रस्त्याकडेच होतं."