सरकारांची बिनस्पेशल एकसष्टी

“उद्याच्या अंकात आमच्या एकसष्टीची बातमी सगळ्यांत आधी लोकांच्या डोळ्यांत भरली पाहिजे. नाही भरली, तर परवापासून छापखान्याला कुलूप!”

निंबगावच्या सरकारांनी हा हुकूम सोडला आणि संपादक दामुअण्णांच्या तोंडचे पाणी पळाले. संस्थान विलीन झाले होते, पण हुकूम सोडायची सवय काही विलीन झाली नव्हती. राज्य गेले म्हणून सरकारांनी दैनिक काढले. मुंबईच्या एका फेरीत ‘स्पेशल’ हा शब्द त्यांनी ऐकला, आणि तेव्हापासून त्याच्याशिवाय एकही बातमी छापायची नाही असा दंडक झाला. स्पेशल बातमीदाराकडून स्पेशल तार यायची. नगरपालिकेची स्पेशल सभा स्पेशल कारणाने तहकूब व्हायची. कुणाची म्हैस विहिरीत पडली, तर तीही स्पेशल पडायची.

“सरकार, मोठ्या टायपात छापू?” दामुअण्णांनी विचारले.

“मोठा टाइप तर तुम्ही म्हशीलाही वापरलात.”

“मग बाकीच्या बातम्यांतले स्पेशल थोडे कमी करतो.”

“एकही कमी करायचा नाही. तो आमचा शब्द आहे.”

दामुअण्णा छापखान्यात येऊन डोके धरून बसले. अंकांच्या घड्या घालणाऱ्या हौसाबाईने सगळे ऐकून घेतले. छापखाना बंद पडला तर तिची चूलही बंद पडणार होती.

“अण्णा, सरकारांच्या बातमीतनं तेवढा त्यो शब्द काढा,” ती म्हणाली.

“अगं, नोकरी जाईल माझी!”

“न काढता तरी कुठं ऱ्हातीया?”

दुसऱ्या दिवशी लोक नेहमीसारखे स्पेशल ओलांडत पेपर वाचू लागले. ‘सरकारांची आज एकसष्टी आहे’ या ओळीशी मात्र जो तो अडला. न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. “स्पेशल नाही म्हणजे ही बातमी खरी असणार,” असे म्हणत गाव हार घेऊन राजवाड्यावर लोटले.

हारांनी मान भरली तरी सरकारांचा पारा चढलेलाच होता. त्यांनी दामुअण्णांना बोलावून घेतले. सल्ला आपला म्हणून हौसाबाईही बरोबर गेली. “म्हशीला स्पेशल, आणि आम्हालाच नाही?”

हौसाबाई पुढे झाली.

“सरकार, आज म्हशीची चौकशी कुणी केली का?”

“नाही.”

“समद्या गावानं जरीचं फेटं बांधलं, तर बोडका माणूसच पयला दिसतो.”

सरकारांचा हात आधी स्वतःच्या पागोट्याकडे गेला. मग ते खो खो हसत सुटले. “दामुअण्णा, छापखाना चालू राहील. आणि या बाईला स्पेशल बक्षीस द्या.”

“साधंच द्या, सरकार. दिवाळीला आमास्नी स्पेशल लुगडी वाटल्याचं छापून आलं हुतं. घड्या मीच घातल्या, पर कागदाच्या.”

सरकारांना पुन्हा हसू फुटले, या वेळी जरा ओशाळे. त्यांनी कारभाऱ्याला तिथूनच कापडाच्या दुकानात पिटाळले, छापखान्यातल्या सगळ्या बायकांसाठी लुगडी आणायला.