डोक्याचा फोटो स्वच्छ आला

"काय सर, आहे की नाही कमाल?"

डॉ. शंतनू इंगवले धापा टाकतच आत आला. हातात एमआरआयची भली मोठी फिल्म. रुग्णालयात नवं मशीन आल्यापासून गडी हवेत होता. डोकं दुखतं म्हणेल त्याला आत सरकवायचा!

डॉ. नाडगौडा सर चष्मा पुसत बसले होते. समोर कौसल्याबाई चौगुले. वर्षानुवर्षांची डोकेदुखी. कपाळाला फडकं करकचून बांधलेलं.

शंतनूने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.

"बघा सर! मेंदूची घडी न् घडी दिसतेय. गाठ नाही, सूज नाही, रक्तस्राव नाही. एकदम स्वच्छ! मावशी, पेढे वाटा, तुम्हाला काहीही झालेलं नाही!"

कौसल्याबाईंनी हात जोडले. मग हळूच विचारलं, "मग दुखतंय काय, डाक्टर?"

शंतनू गडबडला. पण हार मानेल तो शंतनू कसला!

"आणखी एक फोटो काढू. या वेळी शिरेतून औषध सोडून. मग बारीकसारीकही दिसेल."

बाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं.

"परत ह्ये काढायचं?" त्यांनी विचारलं. "लगीन झाल्यापास्नं कधी उतरवलं नव्हतं, सायेब. मशिनीसाठी काढून मालकांच्या हातात दिलं. तवापास्नं डोळ्याला डोळा लागला न्हाई. एवढं काढाय लावत्यात म्हंजी मोठंच कायतरी असणार... आदी अर्धा दिस दुखायचं. आता दिसभर ठणकतंय."

शंतनूच्या हातातली फिल्म खाली आली. त्याला बाईंची फार दया आली, आणि स्वतःचा रागही.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"शंतनू, यांना तपासलंस तेव्हा नजरेत काही दोष?"

"नाही सर."

"हातापायांत ताकद?"

"चांगली आहे."

"दुखणं अचानक बदललं होतं?"

"नाही. कित्येक वर्षं तसंच होतं."

"मग फोटो कशाला काढलास?"

शंतनू हुशार होता, गर्विष्ठही होता, पण खोटा नव्हता.

"भीती वाटली, सर. चुकून एखादी गाठ माझ्या हातून सुटली तर?"

"आता वाटते भीती?"

"नाही सर. फोटो बघितला आणि... गेली."

"वा!" सरांनी टेबलावर थाप मारली. ते उठलेच. चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. स्वतःची खुर्ची ओढत त्यांनी कौसल्याबाईंच्या अगदी समोर आणून ठेवली आणि खांद्याला धरून शंतनूला त्या खुर्चीत बसवलं.

"मशीन कामाचं आहे रे! एक पेशंट बरा झाला. आता दुसरा बघ."